न झालेल्या गोलांचा इतिहास

वाचकहो, आपल्या रावेर-सावद्याकडे केळीच्या बागा आहेत, आणि बाग म्हटली की राखणदार आलाच. घड मोजून गाडीत भरले जातात तेव्हा मालकाचे नाव होते, पाणी देणाऱ्याचे होते, लागण चांगली साधली म्हणून बागवानाचेही होते. राखणदाराचे नाव केव्हा निघते? ज्या रात्री दहा घड चोरीला जातात, त्या दिवशी सकाळी. ज्या तीनशे रात्री काहीच गेले नाही, त्या रात्रींचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. न गेलेल्या घडांची नोंद करायची तरी कशी?

खेळाच्या मैदानावर असाच एक राखणदार असतो. त्याला आपण गोलरक्षक म्हणतो. पोरांच्या भाषेत गोलकीपर. आज मला त्याच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. गोलरक्षक निवडला आहे तो आपल्याला फार दूरचा नाही. सावद्याच्या स्टेशनात खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. निंभोरा, रावेर, बऱ्हाणपूर आणि मग खांडवा. तेथे गाडी बदलून पूर्वी लहान रुळांच्या गाडीत बसावे लागे. ती नर्मदा ओलांडून, कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून महूला पोचत असे. हे महू आपणां सर्वांना ठाऊक आहे. 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तेथे झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेथे पलटणीत होते. त्याच महूत 7 जुलै 1933 रोजी शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. भारताच्या हॉकी संघाचे गोलरक्षक म्हणून ते तीन ऑलिंपिक खेळले, आणि तिन्ही वेळा पदक घेऊनच परतले.

आता इतिहासाचा शिक्षक म्हटला की तो थोडा मागे जाणारच. हे महू कोणी वसवले? 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. पुढच्या वर्षी, 1818 मध्ये, मंदसोरचा तह झाला आणि इंदूरच्या उशाशी इंग्रजांनी छावणी टाकली. ती ही महूची छावणी. ती घालणारा सेनानी जॉन माल्कम. हा गृहस्थ इंग्रज नव्हता, स्कॉटलंडचा होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची. छावणीमागून छावणीतल्या पलटणी आल्या आणि पलटणींबरोबर त्यांचे खेळ आले. सिमल्याला 1888 साली ड्युरँड चषकाची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणीच होत्या, आणि चषक रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी जिंकला. हॉकीची बेटन चषक स्पर्धा कलकत्त्याला 1895 साली सुरू झाली. तेव्हा फुटबॉल काय आणि हॉकी काय, आपल्याकडे दोन्ही खेळ छावणीच्या दाराने आत आले.

स्कॉटलंडचे नाव निघालेच आहे तर एक गंमत सांगतो. दोन देशांमधला पहिला अधिकृत फुटबॉल सामना 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोला झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. किती गोल झाले असतील? एकही नाही. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. स्कॉटलंडच्या संघाचा कर्णधार होता रॉबर्ट गार्डनर, आणि तो गोलरक्षक होता. म्हणजे या खेळाच्या इतिहासाचे पहिले पानच मुळी न झालेल्या गोलांचे आहे! पण पुढची पाने उलटून पाहा. सगळीकडे गोल मारणाऱ्यांचीच नावे.

असो. महूकडे वळू. शंकर लक्ष्मण यांचे घराणे शेखावतांचे. महूजवळच्या कोदरिया गावात ते वाढले. 1947 साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी ते सैन्यात गेले. बंदूक घेऊन गेले असे समजू नका. ते गेले बँडवाले म्हणून. पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्री, जिचे मुख्य ठाणे बेळगावला आहे आणि जिच्या युद्धघोषात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. ते जन्माने मराठी होते असा दावा मी करणार नाही. पण ज्या पलटणीत त्यांनी सारी उमेद घालवली ती आपली पलटण होती, एवढे नाते मला पुरेसे वाटते.

पोराला आधी नाद होता फुटबॉलचा. हॉकीकडे ते पलटणीत वळले आणि गोलरक्षक झाले. हे काम त्या काळी कसे होते, ते आजच्या मुलांना मुद्दाम सांगितले पाहिजे. फुटबॉलचा गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच असतो. हॉकीचा गोल चार यार्ड रुंद आणि सात फूट उंच. तुम्ही म्हणाल, मग हॉकीत काम सोपे. तसे नाही बरे का! फुटबॉल मोठा असतो, हवेने भरलेला असतो आणि तो हाताने झेलून पोटाशी धरता येतो. हॉकीचा चेंडू मुठीत मावेल एवढा, पण भरीव आणि टणक. वजन साडेपाच औंसांच्या वर, म्हणजे जवळपास 160 ग्रॅम. तो धरून ठेवायची मुभा नाही. अडवायचा, आणि पायाने लाथाडून दूर पाठवायचा. आज हॉकीचा गोलरक्षक शिरस्त्राण, छातीचे कवच आणि जाडजूड पॅड चढवून उभा राहतो. शंकर लक्ष्मण यांच्या वेळी पायांना पॅड, बुटांवर चढवायचे किकर आणि हातमोजे, एवढाच सरंजाम. चेहरा उघडा, डोके उघडे. मैदान गवताचे, ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिरवळ आली ती 1976 साली, माँट्रियलला. गवतावर कुठे उंचवटा, कुठे खड्डा. सरळ येणारा चेंडू शेवटच्या हाताभर अंतरात कुठे उसळेल याचा भरवसा नाही. पेनल्टी कॉर्नर मिळाला की समोरचा धिप्पाड बॅक सगळा जोर लावून चेंडू हाणणार, आणि गोलरक्षकाने डोळे मिटायचे नाहीत! डोळे न मिटणे हीच त्या विद्येची पहिली पायरी.

1956 साली मेलबर्नचे ऑलिंपिक आले. भारत 1928 पासून हॉकीत एकदाही हरला नव्हता. ओळीने पाच सुवर्णपदके घरात होती. अशा संघात तेवीस वर्षांचा हा शिपाई निवडला गेला. संघात रंगनाथन फ्रान्सिस हे अनुभवी गोलरक्षकही होते. सुरुवातीच्या सामन्यांत भारताने अफगाणिस्तानवर 14, अमेरिकेवर 16 आणि सिंगापूरवर 6 गोल केले. अशा सामन्यांत गोलरक्षकाला उभे राहून कंटाळण्यापलीकडे काम कोठले? खरी कसोटी पुढे होती. उपांत्य सामन्यात जर्मनीवर फक्त 1 गोल. अंतिम सामना पाकिस्तानशी. कर्णधार बलबीरसिंग यांच्या बोटाचे हाड मोडलेले असताना ते खेळत होते. रणधीरसिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर एक गोल केला, आणि तेवढ्या एका गोलावर भारत जिंकला. गोलमध्ये शंकर लक्ष्मण उभे होते.

आता हिशेब मांडा. पाच सामने, भारताचे गोल 38. आणि भारतावर झालेले गोल? शून्य. साऱ्या स्पर्धेत एकही नाही. मी दरवर्षी माझ्या वर्गात मुलांना विचारतो, 1956 च्या हॉकी संघाबद्दल काय ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक असते ती मुले बलबीरसिंगांचे नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. 38 हा आकडाही एखादा सांगतो. शून्याचा आकडा आजवर मला कोणी सांगितलेला नाही. वास्तविक शेवटचे दोन सामने 1-0 असे सुटले आहेत. त्यांत तो एक जितका मोलाचा, तितकेच ते शून्यही मोलाचे. शून्याच्या जागी एक आला असता तर?

त्या दिवसाची तारीख आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 6 डिसेंबर 1956. मेलबर्नला महूचा एक मुलगा देशासाठी गोल राखत होता, आणि त्याच दिवशी दिल्लीत महूला जन्मलेले बाबासाहेब गेल्याचे कळून सारा देश हळहळला होता. दोन्ही पलटणीच्या गावची मुले. अर्थात दोघांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एक अवघ्या समाजाचा उद्धारकर्ता, दुसरा खेळाडू. पण इतिहासात कधीकधी एका तारखेवर दोन धागे असे येऊन मिळतात, एवढेच सांगायचे आहे.

चार वर्षांनी, 1960 साली, रोम. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. या वेळी पूर्वार्धातच नसीर अहमद यांनी एक गोल केला, आणि भारताला तो फेडता आला नाही. 1928 पासूनची अखंड मालिका तुटली. आता गंमत पाहा. 1956 साली भारताचा गोलरक्षक कोण, हे विचारणारा कोणी नव्हता. 1960 साली मात्र गोलमध्ये कोण उभे होते हे साऱ्यांना आठवत होते! उरलेल्या सगळ्या वेळात आपल्या पाच-पाच आघाडीवाल्यांना एकही गोल करता आला नव्हता, पण पराभवाची आठवण म्हणून उरला तो पाठीमागच्या जाळीत गेलेला एक चेंडू.

हा अनुभव, वाचकहो, मोठ्या माणसांनाच येतो असे नाही. मी शाळेत असताना धावण्यात कच्चा, शिवाय डोळ्यांवर चष्मा. तेव्हा खेळ सुरू झाला की दोन दगडांच्या मध्ये मला उभे करीत. 'तुला काही करायचे नाही, नुसता उभा राहा,' असे सांगत. एकदा शेजारच्या आळीतल्या पोरांशी सामना होता. सगळा वेळ मी बरेच चेंडू अडवले. अगदी शेवटी एक माझ्या दोन पायांमधून गेला. पुढे आठवडाभर मला सगळे त्या एका चेंडूवरून हाक मारीत होते. तेव्हा फार राग आला. आज वाटते, इतिहास लिहिणारे आम्ही लोकही त्या पोरांहून फारसे वेगळे नाही.

पण शंकर लक्ष्मण हरून बसणारे नव्हते. 1958 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांतही भारताला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले होते. लोक म्हणू लागले, भारताची हॉकी संपली. अशा वेळी 1964 साल आले. टोकियोला साखळीत जर्मनी आणि स्पेन यांच्याशी बरोबरी झाली, मन धास्तावले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवून चरणजितसिंग यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला. 23 ऑक्टोबर 1964. समोर, अर्थातच, पाकिस्तान. उत्तरार्धात भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो गोलमध्ये घातला. एक-शून्य.

आता पुढे काय? एक गोल पाठीशी असताना उरलेला वेळ राखणे, हे साऱ्यात कठीण. पाकिस्तानने हल्ल्यामागून हल्ले चढवले. पेनल्टी कॉर्नर मिळवले. प्रत्येक वेळी चेंडू गोलकडे सुटला आणि प्रत्येक वेळी शंकर लक्ष्मण यांचा पाय, पॅड किंवा हात आड आला. तो दिवस त्यांचाच होता, असे ज्यांनी सामना पाहिला ते सारे म्हणत आले आहेत. सामना 1-0 असाच संपला. गेलेले सुवर्णपदक परत आले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

मग 1966. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी भारताचे कर्णधारपद शंकर लक्ष्मण यांच्याकडे आले. अशा मोठ्या स्पर्धेत गोलरक्षकाने भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व करण्याची ती पहिलीच वेळ. ग्लासगोच्या त्या पहिल्या सामन्यातला कर्णधार गोलरक्षक तुम्हांला आठवत असेल. चौऱ्याण्णव वर्षांनी महूचा बँडवाला त्या पंगतीला बसला. मागे उभ्या असलेल्या माणसाला सारे मैदान दिसते. कोण दमला आहे, कोण जागा सोडून पुढे गेला आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळणार? अंतिम सामन्यात पाकिस्तानशी जादा वेळ खेळावा लागला आणि 1-0 असा विजय मिळाला. आशियाई स्पर्धेतले हॉकीचे हे भारताचे पहिले सुवर्णपदक. 1967 साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

आणि येथे चढण संपते. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात त्यांचे नाव नव्हते. भारताला त्या वेळी ब्राँझपदक मिळाले. शंकर लक्ष्मण यांनी हॉकी सोडली. सैन्यातली नोकरी मात्र चालू राहिली. बँडवाला म्हणून भरती झालेला तो मुलगा 1979 साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. मग ते आपल्या महूला परतले.

पुढची वर्षे सांगताना लेखणी अडखळते. अखेरचे दिवस हलाखीत गेले. एका पायाला गँगरीन झाले. ज्या पायांनी मेलबर्नला आणि टोकियोला चेंडू अडवले, त्यांतलाच तो एक पाय. देशाला आठवण झाली, वर्तमानपत्रांत नाव आले. पण ते फार उशिरा. 29 एप्रिल 2006 रोजी महूलाच त्यांचे निधन झाले. लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

यात दोष कोणाचा, असे तुम्ही विचाराल. एकाकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे उत्तर नव्हे. त्या काळी हॉकी हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. खेळाडू सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत नोकरी करीत आणि खेळत. पदक घरात यायचे, पण पदकाने दवाखान्याचा खर्च भागत नाही. त्यातही गोल मारणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते, सभासमारंभांना बोलावणे येते, ओळख राहते आणि अडीनडीला ती ओळख उपयोगी पडते. राखणदाराचे नाव आधीच कमी निघालेले. त्याची आठवणही आधी पुसली जाते. नोंदवहीतली उणीव अशी माणसाच्या जगण्यापर्यंत येऊन भिडते. इतिहास नीट न लिहिणे हा केवळ पुस्तकी दोष नव्हे, तो असा.

सगळीकडे असेच घडते असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. ताळगावला 6 मार्च 1954 रोजी जन्मलेले ब्रह्मानंद शंखवाळकर हे फुटबॉलचे गोलरक्षक. साळगावकर क्लबसाठी ते वर्षानुवर्षे खेळले, आणि 1980 नंतरच्या दशकात भारताचे कर्णधार झाले. संतोष चषक ही राज्याराज्यांची स्पर्धा. तिच्यात 1983 साली गोवा आणि बंगाल यांचा अंतिम सामना गोलशून्य राहिला, आणि विजेतेपद दोघांत वाटून द्यावे लागले. बंगालसारख्या मातब्बर संघाला त्याच्याच कलकत्त्यात एक गोल करू न देणे ही काय सामान्य गोष्ट आहे? पुढच्या वर्षी, 1984 मध्ये, गोव्याने पंजाबला 1-0 असे हरवून चषक एकट्याने जिंकला. शंखवाळकरांना 1997 साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 साली पद्मश्री. खेळ सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना, आठवण राहिली. का राहिली? गोव्यात फुटबॉल गावोगावी आहे. तेथल्या माणसाला गोल कोणी मारला हे जसे सांगता येते, तसा तो कोणी अडवला हेही सांगता येते. पाहणाऱ्याचा डोळा तयार असला की राखणदार दिसतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेत सामने होतात, निकाल फळ्यावर लिहिला जातो: अमुक शाळा विजयी, गोल अमक्याने केला. त्याखाली आणखी एक ओळ लिहा. गोलमध्ये कोण उभा होता, आणि त्याने किती चेंडू अडवले. एका मुलाला वही-पेन्सिल देऊन बसवा. मोजायला काही विद्या लागत नाही. दोन गोष्टी साधतील. दोन दगडांच्या मध्ये उभ्या केलेल्या पोराला कळेल की आपल्यालाही काही काम आहे. आणि मोजणाऱ्या पोराला इतिहास म्हणजे काय ते कळेल. जे घडले ते लिहिणे हा इतिहास खराच. पण जे कोणाच्या तरी कष्टाने घडता घडता राहिले, तेही शोधून लिहिणे हा त्याहून अवघड इतिहास आहे.

हे मैदानापुरतेच नाही. धरणाच्या भिंतीवर रात्रभर पाण्याची पातळी पाहणारा, रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, गावात लस टोचत फिरणारी परिचारिका, जुन्या गावगाड्यातला जागल्या, हे सारे आपापल्या गोलमध्ये उभे असलेले गोलरक्षकच. त्यांनी काम चोख केले की काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही म्हणून त्यांचे नाव निघत नाही.

आता केळीची गाडी सावद्याहून उत्तरेकडे निघाली, की तिच्यामागे खांडव्याच्या वाटेकडे एकदा पाहा. त्या वाटेवर महू आहे. तेथल्या एका शिपायाने 1956 साली आणि 1964 साली देशाचे दार लावून धरले होते. किती गोल झाले ते पुस्तकांत छापलेले आहे. जे झाले नाहीत, ते आपण लक्षात ठेवायचे.